तीन घरांचं मीठ आणि एक अंडं

शेतीचं शिक्षण आमच्या घराण्यात मी एकट्यानंच घेतलं. तेही आठ दिवस.

त्या वर्षी मुंबईत गिरणीचा संप लांबला आणि मी गावी येऊन पडलो. नुसतं बसून खाणाऱ्या माणसाला कोकणात फार दिवस सुखानं बसू देत नाहीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय गणू, परत कदी?" त्या प्रश्नाला कंटाळून मी रत्नागिरीला सरकारी शेतकी खात्यानं शेतकऱ्यांसाठी भरवलेल्या वर्गाला नाव घातलं. शिकवायला घाटावरचे एक शेतकी साहेब होते. खाकी अर्धी पँट, डोक्यावर टोप आणि स्वभावानं इतके गरीब, की फळ्यावरची आकृती पुसतानासुद्धा "पुसू ना?" असं विचारायचे.

आठ दिवसांत आम्ही शेणखताचा खड्डा शिकलो, ओळीतली लावणी शिकलो आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांत भारी विद्या शिकलो. बियाणं मिठाच्या पाण्यात निवडण्याची! पाण्यात मीठ घालत जायचं. मधून मधून त्यात ताजं अंडं सोडून बघायचं. अंडं तरंगून त्याचं टोक दुअन्नीएवढं बाहेर आलं, की मीठ थांबवायचं. मग अंडं काढून बी ओतायचं. तरंगेल ते पोचट, फेकून द्यायचं. बुडेल ते भरलेलं, धुऊन पेरायचं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं. (वही अजून आहे. तिच्यात चूक एकही नाही. चूक वहीच्या बाहेर झाली.)

घरी पोचलो तो वैशाखाचा शेवट. पेरणी तोंडावर आलेली. आमचं बियाणं माळ्यावर पेंढ्याच्या मुड्यात बांधलेलं होतं. तो मुडा आईच्या हातचा. आई दर वर्षी कापणीच्या आधी उभ्या शेतात फिरायची, एकेक लोंबी निरखून तोडायची आणि तेवढंच भात बियाण्याला ठेवायची. हा शेवटचा मुडा बांधला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. तेव्हापासून आबा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी एकदा माळ्याकडे मान वर करून बघायचे आणि मग चहा प्यायचे. हे मला दिसत होतं. पण शिकलेल्या माणसाला जे दिसतं ते सगळंच समजतं असं नाही.

"आबा, मुडा खाली काढा. बी तपासायचंय."

"तिनं निवडलेलं हाय रे. त्यात काय तपासायचं?"

"शास्त्रानं तपासायचंय!"

आबांनी स्वतः शिडी लावून मुडा उतरवला. कडेवर पोर घ्यावं तसा छातीशी धरून खाली आणला आणि हळूच अंगणात ठेवला.

माझी बायको सरू तेव्हा कपडे धुवायला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, गेली होती. सगळा घोटाळा इथंच झाला, कारण आमच्या घरात कुठली वस्तू कुठं आहे आणि ती खरी काय आहे, हे फक्त तिला ठाऊक असायचं. मी स्वयंपाकघरातून मिठाचं मडकं उचललं. मग खुराड्यात हात घातला. आमची तांबडी कोंबडी जागची उठायला तयार नव्हती. तिला बाजूला सारून मी तिच्या पोटाखालचं अंडं काढलं. चांगलं पांढरंशुभ्र होतं, आणि हाताला जड लागलं. मला आनंदच झाला. कसदार अंडं! म्हटलं, कोंबडी आपली खाऊन-पिऊन सुखी आहे.

एव्हाना अर्धी वाडी अंगणात जमली होती. शेजारची भागीकाकी तर उंबरठ्यावर ऐसपैस बसली. मी घंगाळात पाणी भरलं, चार ओंजळी मीठ घातलं, ढवळलं आणि मोठ्या ऐटीत अंडं सोडलं.

ठण्ण!

"अगो बाय! अंड्याचा असा आवाज?" भागीकाकी म्हणाली.

"काकी, घंगाळ तांब्याचं आहे," मी समजावलं.

अंडं तळाशी. आणखी चार ओंजळी. अंडं तळाशी. अर्धं मडकं. अंडं ढिम्म! लोक घंगाळात वाकून वाकून बघायला लागले. कुणी म्हणालं, "थंडी लागली आसंल त्येला." कुणी म्हणालं, "गणू, सरकारी अंडं आणायचं होतंस." मी वही उघडून पुन्हा वाचून दाखवली. 'तरंगेपर्यंत मीठ घालावे' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मडकं संपलं. भागीकाकी स्वतः उठून तिच्या घरचं मीठ घेऊन आली. (तिला शास्त्रात रस नव्हता. अंड्याचं पुढं काय होतं, ते बघायचं होतं.) तेही संपलं. मग पलीकडच्या घरचं आलं. शेवटी मीठ विरघळेनासंच झालं, घंगाळाच्या तळाशी त्याचा थर साचला आणि अंडं त्या थरावर आरामात टेकून बसलं.

आता इतक्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? मी जाहीर केलं, "गावठी अंडं आहे. सरकारी अंड्यापेक्षा अंमळ जडच असणार. पाणी तयार झालंय!" आणि अंडं बाजूला ठेवून मुडा सोडला, भात घंगाळात ओतलं.

सगळं वर आलं. मूठभर सोडलं तर सगळं भात पाण्यावर तरंगायला लागलं!

मग भागीकाकी हळूच म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं तुमी पोचट भात खाल्लंत?"

आबांनी पाण्यातला एक दाणा उचलला, दाताखाली धरून फोडला. आतला पांढरा तांदूळ माझ्यापुढं केला. "भरलेला हाय रे गणू. बघ तरी."

आणि मी म्हणालो, "आबा, दाताचं काय खरं? शास्त्रासमोर दात चालत नाहीत."

ते वाक्य आठवलं की अजूनही स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. रिकाम्या मुड्याचा पेंढा आबांनी नीट गोळा केला, काखेत घेतला आणि गोठ्याकडे निघून गेले.

थोड्या वेळानं सरू आली. डोक्यावरची कपड्यांची बादली खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "लोणच्याचं मीठ खंय गेलं?"

"शास्त्रात," मी म्हणालो.

तिनं घंगाळ बघितलं. बाजूला ठेवलेलं अंडं बघितलं. गोठ्यात पाठमोरे बसलेले आबा बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या भाताचं काय करायचं?"

"पोचट आहे. कोंबड्यांना घाल."

"बरं," सरू म्हणाली.

(सरू वाद न घालता 'बरं' म्हणाली की घाबरायचं असतं. हे मला पुढं कळलं. वर्गात शिकवलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला चालत गेलो आणि सरकारी बियाण्याची पिशवी डोक्यावरून घेऊन आलो. बरोबर एक पाटीही रंगवून आणली: 'सुधारलेले बियाणे'. तेवढ्यात संप मिटल्याचं पत्र आलं. निघताना सरूला बजावलं, "सरकारी बी पेर. आणि ही पाटी सगळ्यात चांगल्या शेतात लाव."

"बरं."

दसऱ्याच्या सुमाराला रजा काढून आलो तो बॅग ओटीवर टाकून थेट शेतावर गेलो. काय पीक आलं होतं! माझ्या पाटीच्या मागं भात कमरेला लागत होतं आणि लोंब्या भारानं वाकल्या होत्या. खालच्या पाणथळ तुकड्यात मात्र एक भात आडवं लोळलेलं होतं. मी लगेच ओळखलं. सरूनं कोंबड्यांच्या तोंडातून काढून पेरलेलं आमचं जुनं बी ते!

"बघ," मी म्हणालो, "शास्त्र ते शास्त्र."

सरू पदराआड खोकली. आबा बांधावर बसून विडी ओढत होते, ते ओढतच राहिले.

आठवड्यानं शेतकी साहेब पिकं बघायला आणि चांगल्या पिकाला बक्षीस द्यायला गावात आले. माझी पाटी आणि तिच्यामागचं भात बघून हरखून गेले. सगळ्या वाडीला बोलावून त्यांनी मला बांधावर उभं केलं. "गणपतराव, तुम्ही बी कसं निवडलंत ते या मंडळींना सांगा."

मंडळींना ते ठाऊकच होतं. त्यांतल्या दोन घरांचं तर मीठच त्यात गेलेलं! तरी मी घसा खाकरून सगळं सविस्तर सांगितलं. साहेब कौतुकानं मान डोलवत होते.

"छान. अंड्याचं टोक केवढं वर आलं होतं?"

"टोक?" मी म्हणालो. "अंडं... तसं वर आलं नाही, साहेब."

"वर आलं नाही? मीठ किती घातलंत?"

"तीन घरांचं!" भागीकाकी मागून ओरडली.

साहेबांनी टोप काढून हातात घेतला. "अहो, इतक्या मिठात उत्तम भातसुद्धा तरंगणार! आणि ताजं अंडं तर केव्हाच वर यायला हवं. अंडं कुठलं होतं तुमचं?"

सरू घराकडे गेली आणि पदरात काहीतरी घेऊन आली. तिनं ते साहेबांच्या हातावर ठेवलं. साहेबांनी ते उलटंसुलटं बघितलं आणि बांधाच्या चिऱ्यावर हळूच आपटलं.

टक्!

"दगूड हाय त्यो," सरू म्हणाली. "आमच्या आत्येबाईंचं, ह्येंच्या आयशीचं, म्हायेर पूर्णगडचं. तिकडच्या दर्यावरनं त्येंनी ह्यो गोटा आणलान, चुना लावलान नि खुराड्यात ठेवलान. कोंबडीला वाटतं अंडं हाय, मंग ती रोज थयंच घालते."

"मग ते भात?" साहेबांनी पाटीकडं बोट केलं.

"त्ये आत्येबाईंचंच. मी नि मामंजींनी सात पाण्यांनी धुतलं, सुकवलं नि पेरलं. सरकारी खालच्या तुकड्यात. त्येचा दोष नाय, तिथं कायपण लोळतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी म्हनालेलात, पाटी सगळ्यात चांगल्या शेतात लाव. लावली."

"अगं, मग त्याच दिवशी सांगायचंस ना!"

"सांगणार होते. पन मामंजी गोठ्यात रडत होते. मना तुमचा लय राग आला. म्हटलं, आता भातच सांगंल."

मी आबांकडे बघितलं. आबा हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खांदे गदगदा हलत होते, विडी खाली पडली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघितलंत?" ते साहेबांना म्हणाले, "ती जाऊन वरीस व्हत आलं, तरी घर तीच चालवते!" मी जाऊन त्यांच्या पायांशी बसलो. माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा हसू फुटलं, तसे माझ्याच डोक्याचा आधार घेऊन हसत राहिले.

साहेबांनी बक्षिसाचा नवा विळा सरूच्या हातात दिला. लोंब्या कशा निवडायच्या, ते तिच्याकडून वहीत उतरवून घेतलं. पुढच्या साली आमच्या वाडीतल्या निम्म्या शेतांत आईचं भात होतं. साहेब पुढच्या प्रत्येक वर्गात मिठाच्या पाण्याचा धडा शिकवताना म्हणायचे, "अंडं ताजं असावं, आणि ते घरातल्या बाईकडूनच मागून घ्यावं." ही सुधारणा माझ्या नावावर आहे असं मी मानतो.

तो गोटा सरूनं धुऊन परत खुराड्यात ठेवला. त्यानं आमच्या घरात दोघांनाच फसवलं, तांबडीला आणि मला. त्यातली तांबडी वर्गाला गेली नव्हती.