मोटारचाचांचं दुसरं इंजिन

मोटारचाचा मोटार हाकायला बसताना चपला काढून शेजारी ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस भारीच भाविक दिसतोय. विचारलं, तर खो खो हसले. म्हणाले, "भाविक कसला मास्तर! ब्रेक कातड्यातनं कळत न्हाय. पायालाच कळाया हवा."

त्यांचं खरं नाव गावात दोघातिघांनाच ठाऊक असेल. मी म्हसळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, ती साल एकोणतीस-तीसची गोष्ट. म्हसळ्याहून श्रीवर्धनला आगबोट गाठायची तर चाचांच्या मोटारीशिवाय गत्यंतर नव्हतं. मोटार चाचांनी जुनीच घेतली होती. तिच्या कापडी छपराला चाचींच्या लुगड्याचं ठिगळ होतं आणि तिचा हॉर्न ऐकून गुरं बाजूला होण्याऐवजी जवळ येत.

वाटेत एक खिंड होती. खिंडीच्या पायथ्याशी चाचा मोटार थांबवत, मागे वळत आणि हात जोडून म्हणत, "मेहेरबानी करा, पाय मोकळे करा." मग मामलेदार असो नाहीतर नवरदेव, सगळे गुमान खाली उतरत. बायका पदर खोचून पुढे चालत, पुरुष मोटार ढकलत. माथ्यावर पोचलं की चाचा प्रत्येकाला हात देऊन पुन्हा आत बसवत, जणू काही आपण नुकतेच त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आलोय. कुणी कुरकुरलंच तर म्हणत, "अहो, तिचंबी वय झालंय, माझंबी. थोडं तुमी चढा, थोडं आमी."

आणि एक खोड होती. खोड म्हणा, वेडेपणा म्हणा. चैत्र लागला की गावच्या विहिरी तळाला जात. बायका वाटीवाटीनं पाणी उपसून हंडे भरत. त्या दोन महिन्यांत चाचा मोटारीला विहिरीचं पाणी घालत नसत. डबा घेऊन खाडीवर जात आणि खारं पाणी आणून रेडिएटरात ओतत. मी एकदा चांगलाच तापलो. म्हटलं, "अहो चाचा, मीठ लोखंड खातं! माझ्या बिगरीतल्या पोरांना कळतं हे."

"खाऊ दे," ते म्हणाले. "माणसाच्या तोंडचं पाणी मी मोटारीला पाजू? उद्या त्या बायांसमोरनं कोणत्या तोंडानं जाऊ?"

वर्षानुवर्षं मीठ आतून इंजिन खात राहिलं. आम्हाला वाटायचं, म्हातारं झालंय.

एका वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न रेवदंड्याला ठरलं. वडील नव्हते. कन्यादान मीच करायचं होतं. रजा ऐन वेळी मिळाली, तरी आगबोट सहज मिळाली असती. पण खिंडीच्या निम्म्यावर इंजिनात खाडकन आवाज झाला. झाकण उघडलं, तर कुशीला फट पडली होती आणि खारं पाणी भळभळा वाहत होतं. मी तसाच पायी पळत सुटलो. चाचा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन मागोमाग धावत होते, अनवाणी. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आगबोट टिचभर दिसत होती.

मी त्यांना नको नको ते बोललो. "ही मोटार आहे की तिरडी?" असंही बोललो. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे, तिनं माझं कधी भलं केलं नाही. चाचांनी ट्रंक वाळूवर ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. कन्यादान माझ्या मामांनी केलं.

पावसाळा लागला आणि मोटार चाचांच्या अंगणात माडाच्या झापांच्या छपराखाली उभी राहिली. त्याच सुमारास बातमी आली, की माणगावकडे एका शेठची मोठी मोटार झाडावर आदळून मोडली आहे, पण इंजिन धडधाकट आहे. ते आणून आपल्या मोटारीत बसवावं का? अख्खा आषाढ गावात दुसरा विषय नव्हता. छपराखाली रोज सभा भरायची. ज्यांनी जन्मात मोटारीला ढकलण्यापलीकडे हात लावला नव्हता, तेही मत देत. बसवावं म्हणणाऱ्यांचा पुढारी अर्थात मी.

चाचांचं मन होत नव्हतं. "मास्तर, गाडी म्हातारी, इंजिन जवान," ते म्हणायचे. "असला निकाह टिकंल?"

"न टिकायला काय झालं? अजून किती जणांना तुम्ही आगबोट चुकवणार आहात?"

हे मी मुद्दाम बोललो. कुठे लागेल ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी चाचांनी माणगावला बैलगाडी धाडली.

इंजिनाबरोबर मिस्त्रीही आला. चार दिवस त्यानं ठोकाठोक केली, सांगाड्याच्या पट्ट्या कापून पुढे सरकवल्या. निघताना म्हणाला, "इंजिन बसलं. पण पुढं वजन वाढलंय न् ब्रेक आहेत तेच, मागच्या दोन चाकांना. तेवढे बदलून घ्या."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ब्रेकचं मागाहून बघू. आधी एकदा खिंड तर चढू दे!"

गणपती झाले, आगबोटी सुरू झाल्या. पहिल्या खेपेला आम्ही सहा जण होतो. खिंड आली, सवयीनं आम्ही उठलो. चाचा वळून म्हणाले, "बसा." एवढंच. मोटार अशी चढली, की बोलता सोय नाही! आम्ही पोरांसारखे टाळ्या पिटत होतो. माझ्या शेजारची म्हातारी सुपारीची पाटी घट्ट धरून खुदुखुदू हसत होती. चाचांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण त्यांचे कान हसत होते म्हणा ना!

माथा ओलांडला आणि मोटार उताराला लागली. चाचांनी ब्रेक दाबला. मग दोन्ही पायांनी दाबला. मग ओरडले, "मास्तर, म्हातारीला धरा!" आणि मोटार दरीकडे जाऊ न देता त्यांनी डोंगराच्या अंगाला घातली, आपली बाजू पुढे करून. आम्ही खरचटण्यावर सुटलो. सुपाऱ्या उतारावरून कितीतरी वेळ घरंगळत राहिल्या. चाचांचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता.

मोटारीचा सांगाडा दुमडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. पायही सरळ झाला नाही. दिवाळीनंतर दुसऱ्या कुणाची नवी सर्व्हिस मोटार त्या रस्त्यावर आली, आणि खरं सांगायचं तर लोक चाचांना लवकर विसरले. मीही तिच्यातूनच जाऊ लागलो. चाचांच्या घरावरून जाताना मी दुसरीकडे बघायचो. एवढा भेकड मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

पुढे माझी बदली झाली, तेव्हा मात्र निरोप घ्यायला जाणं भाग होतं. चाचा घरी नव्हते. चाचींनी गिरणीकडे बोट दाखवलं. ते इंजिन भाताच्या गिरणीवाल्यानं घेतलं होतं, आणि त्याच्याच देखभालीला चाचांना पगारावर ठेवलं होतं. चार दगडांवर पक्कं बसवलेलं इंजिन धडधडत होतं. चाचा शेजारी खोक्यावर बसले होते, केसांत भाताचा कोंडा उडालेला.

वर्षभर मनात घोळवलेलं मी एकदाचं बोललो. "चाचा, माझं चुकलं. मी तुम्हाला भरीला घातलं."

त्यांनी फडक्यानं हात पुसले. माझ्याकडे नाही, इंजिनाकडे पाहत म्हणाले, "सकाळपासनं धावतंय बघा मास्तर. न् अजून हितंच हाय."

मग तेलाची कुपी उचलून ते पुन्हा इंजिनावर वाकले.