‘समजलं का?’ न विचारणारे ठवकर सर

डॉ. सदाशिव ठवकर सरांना मी पहिल्यांदा भेटले ते भोपाळच्या शिवाजी नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात. पशुवैद्यकीची पदवी आणि तिच्याबरोबर मिळालेलं पदक पर्समध्ये घालून, सरांच्याच पशुवैद्यकीय केंद्रात नोकरीवर रुजू होण्याआधी मी त्यांचा आशीर्वाद घ्यायला गेले होते. सरांनी कागद उघडलेच नाहीत.

“धार काढता येते का जी तुम्हाले?”

मी नाही म्हणाले.

“मग म्हशीवाल्या बाईले काय सांगसान?”

पुढचे पंधरा दिवस मी आमच्या केंद्राच्या गोठ्यात धार काढायला शिकत होते. पदक आईने शोकेसमध्ये ठेवलं, आणि खरं सांगायचं तर ते तिथेच बरं होतं.

सरांचं घराणं नागपूरकडचं. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. सरांची हिंदी मात्र अजून नागपुरातच आहे. गावातल्या बायका पदराआडून हसतात, सरही हसतात, आणि हसू झालं की बोलणं सोपं जातं असं त्यांचं म्हणणं. जनावर पाहण्याआधी ते माणसाशी बोलतात. एकदा एक घरधनी आपल्या गाईबद्दल बराच वेळ सांगत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “इसको पानी कौन पिलाता है?” घरधन्यांनी सुनेकडे पाहिलं. त्यानंतरचं सगळं बोलणं सरांनी सुनेशी केलं, तेही घरधन्यांचा मान राखून. हे कसब पुस्तकातून येत नाही. मला ते यायला बरीच वर्षं लागली.

माझ्या पहिल्या बाळंतपणाआधी खड्ड्यांच्या रस्त्याची सगळी गावं सरांनी स्वतःकडे घेतली. कारण काय, तर म्हणे तिकडचे पेरू त्यांना फार आवडतात. सर पेरू खात नाहीत, हे मला पुढे त्यांच्या पत्नीकडून, म्हणजे वहिनींकडून कळलं.

पण ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसले, तो वेगळाच आहे. कोलार रोडच्या पुढे एका गावात बायकांचा एक गट मोठ्या मुश्किलीने आमचं ऐकायला तयार झाला होता. त्यातल्या रामबाईंची एकुलती एक म्हैस नुकतीच व्यालेली होती, दूध कमी देत होती. मी सांगितलं, मक्याचा भरडा सकाळी एक तसला आणि संध्याकाळी एक तसला. “समझ गईं?” असंही विचारलं. त्यांनी मान डोलावली. तसला म्हणजे लोखंडी घमेलं. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते आमच्या केंद्रातलं लहानसं. रामबाईंच्या घरी होतं ते गवंडी सिमेंट वाहतात तेवढं मोठं.

तिसऱ्या दिवशी फोन आला, म्हैस बसली आहे, उठत नाही. सर आणि मी लगेच निघालो. म्हशीचं पोट तट्ट फुगलेलं, रवंथ बंद. सरांनी नळीने सोडा पाजला, सलाईन लावली, आणि मग भरडा मोजायचा तसला मागवला. तो पाहताच मला कळलं, माझ्या मनात होता त्याच्या कितीतरी पट भरडा म्हशीच्या पोटात गेला होता. म्हैस गेली तर रामबाईंचं घर बसणार होतं आणि त्या गावात आमचं कोणी पुन्हा ऐकणार नव्हतं. गटातल्या सगळ्या बायका भोवती उभ्या होत्या.

“मैडम, हमसे ही कुछ गलती हो गई होगी,” रामबाई म्हणाल्या.

मला क्षणभर हायसं वाटलं, हे कबूल करते. त्यांनी दोष स्वतःवर घेतला होता. मी नुसती गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. सर हलक्या आवाजात मराठीत म्हणाले, “तिची चूक नाही. हे तिले तुम्हीच सांगा, आत्ता, सगळ्यांसमोर. मी सांगून उपयोग नाही.”

“गलती मेरी है,” मी म्हणाले. “आपका तसला देखे बिना मैंने बोल दिया.”  

परतताना सर रागावले नाहीत. “‘समझ गए?’ म्हटलं की नाही कोण म्हणते? त्यापरीस म्हणा, तुमच्या भांड्यानं मले करून दाखवा.” पुढचे दोन दिवस आम्ही रोज गेलो. दुसऱ्या दिवशी म्हशीने रवंथ सुरू केला. रामबाई रडल्या, मीही रडले.

महिन्याभराने गटाची बैठक होती. कोणी येईल अशी मला आशा नव्हती, पण सगळ्या आल्या. रामबाई उठल्या, सरांना नमस्कार केला आणि त्यांच्यासमोरून माझ्याकडे आल्या. हातात तोच तसला, शेजारी भरड्याची पिशवी. “मैडम, हम भरते जाते हैं. आप बोलो, कहाँ रुकना है.” सरांनी आपली खुर्ची उचलून माझ्यासाठी पुढे ठेवली आणि स्वतः बायकांच्या मागे सतरंजीवर जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून दिसतं.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. रोज शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी फिरतात, तब्येत ठणठणीत आहे. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी मी मनापासून प्रार्थना करते. पण ही प्रार्थना निःस्वार्थ नाही. माझ्या हातून अजून चुका व्हायच्या आहेत, आणि त्या चारचौघांत कबूल करताना सर मला शेजारी उभे हवे आहेत.