ट्रेड टेस्टमधली सावड

"कोकरे, ये किसका जॉब है?"

विचारणारे खन्ना साहेब, आमचे प्लान्ट हेड. कोकरे म्हणजे मी. कारखान्यात घडवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात. वाइसच्या जबड्यात आवळलेल्या त्या लोखंडी तुकड्यावर दत्ता नावाच्या उमेदवाराचा नंबर पंच केलेला होता, पण कानस चालवत होता दुसराच उमेदवार, भानुदास. दत्ता शेजारी उभा. तळहाताला रुमाल, रुमालावर रक्त. सगळा हॉल काम थांबवून आमच्याकडं बघत होता.

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. एमआयडीसी नवी होती. माझं गाव खुटबाव. आज्जा मेंढरं राखायचा, वडलांनी वस्ती करून शेती धरली, आणि घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. हे सांगतो, कारण भरतीला येणारी पोरं मला परकी नव्हती.

त्या भरतीत कायम ऑपरेटर घ्यायचे होते. आधी लेखी परीक्षा, त्यात हिशेब आणि आकृत्या. मग ग्रुप टास्क. म्हणजे पाच-सहा जणांना एक प्रश्न द्यायचा, त्यांनी आपसात बोलून उत्तर काढायचं, आणि कोण कसा वागतो ते आम्ही कोपऱ्यात बसून बघायचं. मग ट्रेड टेस्ट, हाताच्या कामाची. फिटरला दोन तुकडे कानस मारून एकमेकांत असे बसवावे लागतात की उजेडापुढं धरले तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. मुलाखत सगळ्यांत शेवटी.

भानुदास लेखीत वरच्या नंबरांत होता. ग्रुप टास्कमध्ये बाकीचे एकमेकांचं बोलणं तोडत होते, तेव्हा हा गप्प बसलेल्या एकाला म्हणाला, "पाव्हणं, तुमचं काय म्हणणं हाय, सांगा की." पुण्याहून आलेल्या कन्सल्टंटनं त्याच्या नावापुढं 'टीम स्पिरिट' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्याला ही नोकरी लागायलाच हवी होती. आजवर सगळं टेम्पररी काम केलेलं, काही महिने इकडं, काही महिने तिकडं. पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. बायको माहेरी होती. सासऱ्यानं सांगून ठेवलं होतं, जावई कायम झाला की पोरगी नांदायला पाठवतो. त्या दिवशी सासरा स्वतः येऊन गेटवर बसला होता. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "आप्पा, तुमचं काय काम?"

"काम न्हाई. जावई खरंच परीक्षा देतोय का बाजार फिरतोय, बघाय आलोय."

तर हॉलमध्ये मी विचारलं, "भानुदास, दत्ताचा जॉब तुझ्याकडं कसा?"

"त्याची कानस सटकली, साहेब. हात फाटला. माझं झालं हुतं."

"ओळख आहे तुमची?"

"सकाळी गेटवर तंबाखू मळली, तेवढीच."

"मी सूचना वाचल्या होत्या ना? दुसऱ्याचं बघून करायचं नाही म्हणून?"

"बघून कुठं केलं? त्याचं त्याला करून देत हुतो."

मागं कुणीतरी हसलं. खन्ना साहेब हसले नाहीत.

सूचनांत आणखी एक ओळ होती. काही अडलं तर हात वर करा. दत्तानं हात वर केला असता तर फर्स्ट एड मिळालं असतं, आणि पुढच्या बॅचला बसता आलं असतं. पण आमच्या रानात कुणी हात वर करत नाही. शेजारी बघतो आणि येतो. सावड म्हणतात त्याला. आज मी तुझ्यात खुरपायला, उद्या तू माझ्यात. आपलं उरकल्यावर शेजाऱ्याचं अडलेलं बघत बांधावर बसून राहणं बरं दिसत नाही.

केबिनमध्ये मी साहेबांना हे समजावून सांगितलं. म्हणालो, "सर, ग्रुप टास्कमध्ये याच गोष्टीचे आपण त्याला मार्क दिले."

"वो दूसरा टेस्ट था."

"माणूस तोच आहे, सर."

"यहाँ मुझे जॉब नापना है, कोकरे, आदमी नहीं. इसको रखा तो कल बाकी लड़के पूछेंगे. तुम जवाब दोगे?"

त्यांचं चुकत नव्हतं. एकानं घासलेल्या तुकड्यावर दुसऱ्याची परीक्षा कशी घेणार?

मी बाहेर येऊन दत्ताला विचारलं, "तू मदत मागितली होतीस?"

तो तोंड उघडायच्या आत भानुदास म्हणाला, "त्यानं न्हाई मागितली. मीच कानस घेतली."

दत्तानं हातावरचा रुमाल आणखी घट्ट गुंडाळला. त्याला जखमी उमेदवार म्हणून पुढची बॅच मिळाली. भानुदासचं नाव तिथंच खोडलं गेलं. त्याचा स्वतःचा जॉब मी नंतर खिडकीपाशी नेऊन उजेडापुढं धरला. प्रकाश कुठंच दिसत नव्हता.

आप्पांना गेटवर मीच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जावयाला म्हणाले, "सावड फेडायची असती, ठावं हाय न्हवं? ह्याची कोण फेडणार?"

"फेडंल की त्यो."

"कवा? माझी पोरगी म्हातारी झाल्यावर?"

आप्पा एकटेच एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.

हात बरा झाल्यावर दत्तानं टेस्ट दिली. पास झाला, पुढं कायमही झाला. कायमची ऑर्डर हातात पडल्यावर तो माझ्याकडं आला. मला वाटलं पेढे घेऊन आला असेल.

"साहेब, त्या भानुदासचं कायतरी बघा. मला घास गिळवत न्हाई."

काही बघण्यासारखं उरलं नव्हतं. भानुदासचं वय उलटून गेलं होतं. शेवटी दत्तानं ठेकेदाराच्या हातापाया पडून त्याला आमच्याच यार्डात लोडिंगला लावला. सावड फिटली ती अशी. आप्पांनी तोवर फारकत घेऊन पोरगी दुसरीकडं दिली होती.

काही वर्षांनी शॉपफ्लोअरवर बोर्ड लागला, 'शेजारच्या मशिनवर काम अडलं तर मदत करा.' ट्रेनिंग द्यायला पुण्याचा तोच कन्सल्टंट. पहिल्या रांगेत दत्ता, आता लाइन लीडर. भानुदास बाहेर ट्रकमध्ये खोकी चढवत होता. ठेक्यावरच्या माणसांना ते ट्रेनिंग नव्हतं.

आता मी रिटायर आहे. दौंडला पोरं मुलाखतीच्या तयारीसाठी बोलावतात, जातो. लेखीत एका गणितावर अडून बसू नका, ग्रुपमध्ये दुसऱ्यालाही बोलू द्या, मुलाखतीत येत नसेल तर सरळ येत नाही म्हणा, एवढं सगळं सांगतो. ट्रेड टेस्टचं शेवटी सांगतो. शेजाऱ्याचा हात कापला तर त्याला म्हणावं, हात वर कर. त्याच्या कानशीला आपण हात लावू नये. हे शिकवताना मला बरं वाटत नाही. पण नोकरी अशीच लागते.