आसरांच्या विहिरीवरचा लाल दगड

खुटबाव स्टेशन अजून कोसभर लांब होतं आणि सुषमा माझ्या दहा पावलं पुढं होती. राहू गावातनं सुटणारी एसटी त्या दिवशी आलीच नाही, म्हणून आम्ही वस्तीवरून चालतच निघालो होतो. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पोटाशी धरली होती. बाटलीत आमच्या वस्तीच्या नव्या नळाचं पाणी होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत ते त्याच दिवशी पोचायला हवं होतं, नाहीतर तपासणी वाया.

"ताई, पाय उचला," ती मागं न बघता म्हणाली. "एसटीनं तुमची सवय मोडलीय."

सुषमा न्हावऱ्याच्या भैरूमामांची मुलगी. मामांनी तरुणपणी मेंढरांमागं मुलूख पालथा घातला, पुढं कांदा लावून एका जागी बसले. चाल तेवढी मुलीत उतरली. त्या घरातनं कॉलेजात गेलेली ती पहिली. नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात तिच्या शिरूरच्या कॉलेजातल्या मुलींचं शिबिर आमच्या वस्तीवर दहा दिवस होतं. मी तिथं बालवाडी चालवत होते, मुली माझ्याच खोलीत निजायच्या.

नदीच्या पाझरानं भरणाऱ्या काठावरच्या विहिरीचं पाणी कॉलेजनं आधीच तपासून घेतलं होतं. ते पिण्याजोगं नव्हतं. त्या दिवाळीत वस्तीवरच्या सहा लेकरांना कावीळ झाली होती. सुषमा घरोघर सांगून आली, मुलींनी पारावर नाटक केलं. बाया नाटकाला हसल्या आणि हंडे घेऊन त्याच विहिरीवर गेल्या. मालनबाई तर म्हणाली, नदी आई हाय, आई कवा इख पाजंल व्हय? चिडून सुषमानं नाटकाच्या पाट्या रंगवून उरलेला लाल तेलरंग घेतला, विहिरीच्या काठावरचा दगड रंगवला आणि खाली लिहिलं, 'पाणी पिऊ नका'.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, त्यात अवस. सकाळी बघतो तर दगडाला हळदकुंकू, फुलं, पुढं नारळ. आसरा प्रकटल्या म्हणून सगळी वस्ती लोटली. पाणवठ्यावरच्या त्या सात बहिणींना आमच्याकडं मोठा मान, आणि शेंदूर फासलेला दगड हीच त्यांची ओळख. बाया तीर्थ म्हणून तेच पाणी लेकरांच्या तोंडात घालू लागल्या.

सुषमाचा चेहरा उतरला. "माझी आजी असाच शेंदूर लावायची, ताई. मला कळायला पायजे हुतं."

मी तिला गप्प राहायला सांगितलं. देवाच्या गोष्टीत हात घालू नये, असं मला वाटत होतं. ती खरं बोलली तर लोक शिबिरच उठवतील, अशी मला भीती होती. पण ती गर्दीतनं वाट काढत, पहिला नारळ ठेवणाऱ्या चांगुणाआजीपुढं जाऊन उभी राहिली.

"आजी, हा शेंदूर न्हाई. रंग हाय. मीच लावला."

आजी हळूच म्हणाली, "ठाव हाय मला. शेंदराला कवा रॉकेलचा वास येतो का? पर पोरी, तुझं लिवलेलं कुणी वाचलं न्हाई. नारळ ठिवला तर समदी आली. आता सांग काय ते."

मग सुषमानं सगळ्यांसमोर रंगाचं सांगितलं आणि पाण्याचंही. कावीळ झालेल्या सहाही लेकरांची नावं घेतली. कुणी हसलं नाही. मालनबाईनं भरलेला हंडा तिथंच उपडा केला.

माळावर बोअर असलेले शंकरराव हात जोडून पुढंच उभे होते. आजी त्यांच्याकडं वळली. "शंकरराव, आसरांना नारळ आणलाय. त्यांच्या लेकरांना पाणी?" त्यांना जोडलेले हात सोडवेनात. ते म्हणाले, पाइप आणा, मी देतो.

उरलेले दिवस मुलींनी आणि वस्तीनं मिळून चर खणला. शेवटच्या दिवशी नळाला पाणी आलं आणि चांगुणाआजीनं पहिला तांब्या सुषमाच्या हातात दिला. पुढं अहवालही आला, पाणी चांगलं. विहिरीचं पाणी फक्त धुण्याला राहिलं. लाल दगड कुणी पुसला नाही आणि मलाही तो पुसावासा वाटला नाही.

पण त्या दिवशी खुटबावला चालत होतो तेव्हा अहवाल यायचा होता. पुण्याची गाडी फलाटावर आली तेव्हा आम्ही धापा टाकत होतो. सुषमा डब्यात चढली, दारात वळली.

"ताई, मी काय तुमच्याकडं कायमची न्हाई. दर अवसेला त्या दगडापुढं नारळ ठिवाल का? आन् माणसं जमली, की पाण्याचं बोलाल?"