पोलादपूरजवळचे विमानतळ

वर्षातले चार महिने जिथे मोटारही धड पोहोचत नाही, तिथे विमान कशासाठी उतरेल? या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. मी घरातली पहिली बी. ए.; पण हा प्रश्न परीक्षेला नव्हता.

आमच्या महाडात विमानविद्या समिती आहे. तिचे अध्यक्ष दादासाहेब जुहूला हौशी वैमानिकांच्या क्लबात एकदा विमानात बसून आले. तेव्हापासून ते आकाशाकडे पाहत चालतात. समोरच्याने बाजूला व्हायचे. मुंबईहून गोव्याकडे उडणारे हौशी लोक पेट्रोलसाठी आणि चहासाठी पोलादपूरला उतरतील, अशी त्यांची योजना. जागा लागणार होती ती पोलादपूरवरच्या डोंगरातल्या एका वाडीची. तिथल्या बायकांना योजना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मी आनंदाने हो म्हटले. बैलगाडीत बाळंतीण दगावते, तिथे एखाद्या दिवशी विमानातून डॉक्टर येईल, असे मला खरेच वाटते.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मोटार सकाळी सुटते म्हणतात. ती भरल्यावर सुटते. ड्रायव्हरशेजारी बसू नये, तो बोलताना तोंडाकडे पाहतो. पोलादपूरहून वाडीपर्यंत तासभर चढण आहे. चैत्रात ओढे कोरडे असतात, म्हणून पाणी बरोबर न्यावे. मी नेले नव्हते.

वाडीच्या गुरचरणात समितीने चुन्याचे मोठे वर्तुळ काढले होते. ते आकाशातून दिसेल, असे दादासाहेब म्हणाले. वर्तुळात म्हशी बसल्या होत्या. त्याही दिसल्या असत्या.

वाडीतल्या पारूबाईंच्या पडवीत तांदळाची भाकरी आणि सुकट मिळाली; चव अजून जिभेवर आहे. पाणी मात्र अर्धा तांब्याच. त्या ओशाळून म्हणाल्या, "पुढल्या साली पोटभर प्या, बाय. तळं होतंय ना."

कसले तळे, मी विचारले.

"इमानतळ. दादासायबांनीच सांगितलान. इमान काय ते ठाव नाय, तळ्याचं नाव असंल. पन तळं कळलं, म्हनून तर गुरांची जागा देतोय." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सगळ्यांना भरू देतील ना गो?"

मी धावत वर्तुळापाशी दादासाहेबांकडे गेले. ते क्षणभर गंभीर झाले आणि मग हसले. "हा गैरसमज आपल्या पथ्यावरच पडतोय. शिवाय पावसाळ्यात मैदानात पाणी साचणारच. म्हणजे आपण खोटं बोललो, असंही होत नाही."

त्यांनी मला बायकांपुढच्या भाषणात 'विमानतळ' हा शब्द स्वच्छ उच्चारायला सांगितला आणि अर्थ न सांगण्याची सूचना दिली. मी डोके दुखते असे सांगून भाषणच केले नाही. परतीच्या मोटारीत ते म्हणाले, जागा देण्याच्या कागदावर वाडीचे अंगठे झाले की पहिल्या विमानात पहिली जागा माझी.

घरी येऊन दोन दिवस झाले. वडील शेजाऱ्यांना सांगत सुटले आहेत की आमची मुलगी उडणार. मलाही उडायचे आहे. झोपेत मी सावित्री नदी वरून पाहते. ढगांतून ती कशी दिसत असेल, हे मला बहुतेक कळणार नाही.

कारण अंगठे आज घ्यायचे होते, आणि मी काल कोणाला न सांगता पुन्हा वाडीवर गेले. विहिरीपाशी बायका जमल्या होत्या. त्यांना मी सांगितले, या तळात पाणी नसते.