फुंकर

कणसं चोळत बसले होते आन् सपकन साप माझ्या मांडीवर पडला. मी किंचाळले. मागं हटताना डावा हात आगटीतल्या निखाऱ्यावर टेकला. सगळे खो खो हसले. साप रबरी होता.

टाकला मालकाच्या मेव्हण्यानं. नांदेडला प्राध्यापक हाय, सगळे सर म्हणतात. दरसाल हिवाळ्यात गाड्या भरून पाव्हणे आणतो, नायगावला मालकाच्या शेतात हुरडा खायला. कणसं भाजायला, गरम गरम हातावर चोळून दाणे काढून द्यायला मी. तळहात तर कवाच मेलेत. पण निखारा तो निखारा.

त्याच शेतात, ज्वारी काढताना, माझ्या नवऱ्याला साप चावला. दवाखान्याच्या वाटंवरच गेला. मालकीणबाई तवा माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आता मात्र त्याच हसून हसून डोळे पुसत होत्या.

"अगं, गंमत केली!" सर म्हणले. मग मोबाईल धरलेल्या मालकाच्या पोराला इचारलं, "आलं का नीट?"

"न्हाई मामा, हालला."

"ए बाई, पुन्हा बस बरं तशीच."

मी बसले. खरं सांगते, बसले. वर हसलेबी. हाताला टरारून फोड, आन् तोंडावर हसू. थू त्या हसण्यावर!

सरानं साप पुन्हा उचलला. तवा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ह्यायला ठाऊक हाय, म्हणूनच मजा हाय. भोवताली त्यायच्या बायका बसल्या होत्या, त्यायच्यावर न्हाई टाकला. जिचा नवरा सापानं नेला, तिच्यावरच टाकला.

मी साप हिसकावला आन् निखाऱ्यात घातला. वरून पाण्याची अख्खी कळशी आगटीत उपडी केली.

"डोकं फिरलं का तुझं?" मालक ओरडले. "पाव्हण्यायचा हुरडा हाय!"

"माझा नवरा मेला, ती काय तुमच्या हुरड्यासंगं खायची चटणी हाय का?"

मालकीणबाई पुटपुटल्या, "एवढं मनावर घ्यायचं नसतं."

घेतलं. घेणारच.

औंदा पुन्हा निरोप आला. मी गेले न्हाई, गल्लीतल्या एकाबी बाईला जाऊ दिलं न्हाई. पाव्हण्यायनीच कणसं भाजली, चोळली म्हणं. सराचे हात पोळले. ते ऐकून गल्लीतल्या बाया लई हसल्या. मी न्हाई हसले. मला सरासारखं व्हायचं न्हाई.

पण फुंकर घालायलाबी जाणार न्हाई.