गिटारीवरची हळद

शेजारचा फाटकाला रंग देतोय, त्या थिनरच्या वासानं डोकं उठलं आणि तो दसरा आठवला. घरातलं प्रत्येक हत्यार पुजायचं, हा आमच्या बायकोचा नेम. पोराच्या करंटवरच्या गिटारीचीही सुटका नाही. दर दसऱ्याला ती तिच्यावर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायची आणि डाग राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी भांड्याच्या घासणीनं खसाखसा घासायची. त्या वर्षी तिथला गिटारीचा लाल रंग पार विरला आणि खालच्या लाकडाच्या रेघा वर आल्या. पोरगं ओरडलं, "आई, लाकूड दिसायला लागलं!" ती म्हणाली, "दिसणारच. पत्र्याची होती का?" मी अंबडला कंपनीत जन्मभर रंग मारलेला माणूस. म्हटलं, आण इकडं, दुपारपर्यंत नवी करून देतो. तर बायको गिटार पोटाशी धरून बसली. "तिथं माझी पूजा झालीय. तुमचा रंग लावायचा नाही." वर संध्याकाळी पोरगंच मित्रांना कौतुकानं दाखवतंय, "असं लाकूड दिसावं म्हणून लोक मुद्दाम रंग घासून घेतात." मी कपाळावर हात मारला. रंग टिकावा म्हणून आमची हाडं झिजली आणि ह्यांना गेलेला रंग पाहिजे! बायको जाऊन आता वर्ष होत आलं. परवा पोरगं म्हणालं, "बाबा, तुमची फार इच्छा होती ना, मारा आता गिटारीला रंग." मी भडकलोच. म्हटलं, लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना तिनं!